वायरमनची सरासरी

आमच्या प्रकाशा गावाला येणारे बहुतेक लोक पुण्य जोडायला येतात. काशी करून आलात तरी तापीकाठी येऊन केदारेश्वराला डोकं टेकवल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, असं इकडे मानतात. आमच्या गावाला दक्षिण काशी म्हणतात ते त्यामुळेच. 1955 मध्ये पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी इथलं पांढरीचं टेकाड खणलं आणि पार ताम्रपाषाण काळातली वस्ती निघाली. अशा गावात वाढलेल्या माणसाने आवडत्या माणसांची यादी केली तर तिच्यात दोनचार संत, गेलाबाजार एखादा स्वातंत्र्यसैनिक तरी असायला हवा. माझ्या यादीत पहिला आहे वायरमन. उजव्या हाताने मध्यमगती गोलंदाजी, फलंदाजीला आठवा. हा इसम कधी जन्मालाच आलेला नाही.

तो आला भारनियमनातून. माझ्या शाळेच्या वर्षांत लाइट दिवसातून अर्धा वेळ नसायचीच, त्यामुळे आमच्या क्रिकेटची सुरुवात विजेशिवाय झाली. बालभारतीचं पुस्तक डोळे मिटून उघडायचं, डाव्या पानाच्या क्रमांकातला शेवटचा आकडा म्हणजे धावा. शून्य आलं की बाद. डावं पान नेहमी समच असतं, म्हणून या क्रिकेटमध्ये कुणाला एकेरी धाव मिळायची नाही. ती सोय व्हावी म्हणून आठ आले तर एकच धाव धरायची, असा आमच्या गल्लीचा कायदा होता. पुढे गणित जरा डोक्यात शिरल्यावर कळलं की पाच वेळात सरासरी एकदा शून्य पडणार आणि मधल्या चार चेंडूंवर दोन, चार, सहा आणि एक मिळणार. म्हणजे कुणीही येवो, सरासरी तेरा. सचिनची तेरा आणि अकराव्या नंबरच्या मुरलीधरनचीही तेरा. इतकी समता अजून राज्यघटनेलाही साधलेली नाही.

पण पुस्तकं काही एवढी समतावादी नसतात. भूगोलाचं पुस्तक नकाशाच्या पानावर उघडून उघडून तिथेच मोडलेलं असायचं. हातात धरलं की तेच पान समोर. इतिहासाचं पुस्तक मात्र वर्षभर कुणी फारसं उघडलेलं नसल्यामुळे अगदी निःपक्षपाती होतं. मग कसोटी सामने इतिहासावर आणि एकदिवसीय भूगोलावर, असं ठरलं. धावा शंभरपानी वहीत उतरवायच्या. कंदिलाच्या उजेडात चाललेली ही आकडेमोड पाहून मोठी माय विचारायची, "कसाले डोया फोडी ऱ्हायना रे?" मी सांगायचो, "हिशोब करी ऱ्हायनू." तिचं समाधान व्हायचं. पोरगा शेतीच्या हिशोबाला लागला, असं तिला वाटत असावं. आमच्या उसाच्या हिशोबापेक्षा ती वही जास्त चोख होती, हेही खरं.

मग घरात संगणक आला आणि त्यात 'क्रिकेट 07'. ईए स्पोर्ट्सचा हा खेळ 2006च्या अखेरीस बाजारात आला. वेष्टनावर अँड्र्यू फ्लिंटॉफ, समालोचनाला रिची बेनॉ आणि मार्क निकोलस, आणि बनवणारी एचबी स्टुडिओज ही मंडळी कॅनडातल्या लुनेनबर्ग या समुद्राकाठच्या छोट्या गावातली. खऱ्या नावांचा परवाना होता तो फक्त ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडचा. बाकी देशांचे खेळाडू वेषांतर करून आल्यासारखे, अंगलट ओळखीची पण नाव भलतंच. ती नावं दुरुस्त करायला बसलो आणि दुरुस्त करता करता हात जरा लांबला. आख्खा संघच गावातल्या हुद्द्यांचा झाला. यष्टिरक्षक तलाठी, कारण त्याच्याकडून काहीच सहज पुढे सरकत नाही. कप्तान एस.टी.चा कंडक्टर, कारण क्षेत्ररक्षकांना "पुढे सरका" हे इतक्या अधिकाराने दुसरं कोण सांगणार? सलामीला डावखुरा नावाडी. तापी-गोमाईच्या संगमावर वल्हं मारून त्याच्या मनगटात जोर आला, असं आम्हीच ठरवून टाकलं. तो पळत मात्र नसे. पाण्यावरच्या माणसाने पळावं तरी कशाला?

आणि वायरमन. गावात तेव्हा वायरमनइतका मान कुणालाच नव्हता. डीपीवर फ्यूज उडाला की आख्खी गल्ली माना वर करून त्याच्याकडे बघत उभी राहायची आणि लाइट आली की पोरं ओरडायची. असा जल्लोष मी त्यानंतर फक्त वानखेडेवरचा आणि तोही टीव्हीतच ऐकला आहे. त्याच्या सन्मानार्थ हा खेळाडू. अंगात दम भरपूर, अचूकता बेताची. चेंडू लेगच्या बाहेर जायचा, चौकार बसायचा, तरी पुढचा चेंडू तितक्याच उमेदीने टाकायचा. बेनॉसाहेबांच्या तोंडी 'वायरमन' हे नाव यायची काही सोय नव्हती, म्हणून ते त्याच्याविषयी मोघम बोलत. एकदा ऑस्ट्रेलियाविरुद्ध या गृहस्थाने एकामागून एक पाच गडी टिपले. पुढचा माणूस खेळायला येतोय, वायरमन धावायला सुरुवात करतोय, आणि लाइट गेली. सामना साठवलेला नव्हता. वायरमन मैदानात असताना लाइट जाते, याला काय म्हणायचं? ते पाच बळी त्याच्या खात्यात कधीच जमा झाले नाहीत. साठवलेल्या फाइलीत त्याची गोलंदाजीची सरासरी चाळिशीच्या वरच राहिली आणि चुलतभाऊ दरवर्षी विचारत राहिला, "याला काढत का नाहीस?" त्याने ते पाच बळी पाहिले नव्हते.

मला वाटतं, लाडका खेळाडू असाच ठरतो. उत्तम आकडे असलेल्याला जग डोक्यावर घेतच असतं, त्यात आपलं योगदान काय? ज्याच्या बाजूने फक्त आपण साक्षीदार आहोत, तो आपला. अमेरिकेत बेसबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये लोक एकेका संघाचे व्यवस्थापक होऊन हंगामामागून हंगाम खेळतात. खरे खेळाडू निवृत्त होतात, यंत्र नवी पोरं जन्माला घालतं, आणि ही नसलेली पोरंच शेवटी जिवाला लागतात. रॉबर्ट कूव्हर या अमेरिकन लेखकाची 1968ची एक कादंबरीच आहे अशा नसलेल्या खेळाडूला जीव लावण्यावर. हेन्री वॉ नावाचा हिशोबनीस फासे टाकून आख्खी बेसबॉल लीग चालवतो आणि एक दिवस फाशांचं दान असं पडतं की त्याचा आवडता तरुण खेळाडू मैदानात मरतो. तेव्हापासून हेन्रीचं काही खरं राहत नाही. मोठ्या मायला ही गोष्ट सांगितली असती तर ती म्हणाली असती, हिशोबनीस होता ना, मग हिशोब करायचा सोडून हे कशाला?

'क्रिकेट 07'नंतर ईए स्पोर्ट्सने संगणकासाठी क्रिकेटचा खेळ काढलाच नाही. 2008 मध्ये आयपीएल आली, तिचे रंगीत कपडे आणि नवे संघ त्याच जुन्या खेळावर चढवले ते जगभरातल्या हौशी पोरांनी. त्यानंतर 2014 मध्ये मेलबर्नच्या बिग अँट स्टुडिओजचा 'डॉन ब्रॅडमन क्रिकेट 14' आला. त्यात हवा तो खेळाडू घडवता येतो आणि त्याच्या एकट्याच्या कारकिर्दीत आपण शिरतो. इथे मी वायरमन घडवला नाही. भाऊसाहेब निंबाळकर घडवले.

कारण उघड आहे. डिसेंबर 1948, पुणे, रणजी करंडक. काठेवाड सर्वबाद 238, महाराष्ट्र 4 बाद 826, त्यात निंबाळकर नाबाद 443. चौकार 49. ब्रॅडमननी 1930 मध्ये सिडनीला केलेल्या नाबाद 452 धावांचा विक्रम तेव्हा जगात सर्वोच्च होता आणि तो मोडायला दहा धावा हव्या होत्या. काठेवाडचे कप्तान, राजकोटचे ठाकोरसाहेब, म्हणाले की डाव घोषित करा, नाहीतर आम्ही चाललो. आणि खरोखरच गेले. आमच्या गल्लीत असं घडलं असतं तर बॅटवाल्याने निदान बॉल तरी अडवून ठेवला असता. निंबाळकर पुढे भारताकडून एकही अधिकृत कसोटी खेळले नाहीत. वायरमनचे पाच बळी लाइटीने नेले, निंबाळकरांच्या दहा धावा रुसव्याने.

तर त्या दहा धावा ब्रॅडमनच्याच नावाच्या खेळात काढायच्या, असा माझा बेत. यंत्रातला संघ काही झालं तरी मैदान सोडून जात नाही, हा त्याचा मोठा गुण. अडचण एवढीच की तिथे 443पासून सुरुवात करता येत नाही, शून्यापासूनच करावी लागते. आणि माझे निंबाळकर विशीत पोचले की ऑफच्या बाहेरच्या चेंडूला बॅट लावून स्लिपमध्ये झेल देतात. भाऊसाहेबांची बोटं आणि माझी बोटं यांत फरक असणारच. वाचकांपैकी कुणी हा उद्योग करून त्या दहा धावा काढल्या असतील, तर कृपा करून मला कळवू नये. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये भारतीयाने केलेली सर्वोच्च धावसंख्या आजही 443 नाबाद हीच आहे.