फरशी इटालियन, तार नापसंत

कॅलिफोर्नियात १९६०च्या दशकातलं घर घेतलं की मागच्या अंगणात तितकाच म्हातारा पोहण्याचा तलाव फुकट मिळू शकतो. फुकट म्हणजे घराच्या हप्त्यात. मग त्याचं नूतनीकरण निघतं: इटालियन फरशी, रंग बदलणारे दिवे आणि महाराष्ट्र मंडळातल्या स्नेह्यांना जळवण्यापुरता एक धबधबा. फरशीच्या निळ्या छटेवर घरात महिनोन् महिने खल होतो. शेवटी इलेक्ट्रिशियन येतो आणि सांगतो, काठ फोडताच आहात तर भोवती तांब्याची तार टाकावी लागेल.

"दिसेल का ती?"

दिसणार नाही, पुरायची आहे.

"मग कशाला?"

अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडचं कलम ६८०.२६ याच 'कशाला'साठी लिहिलेलं आहे. तलावाच्या काँक्रीटमधल्या सळ्या, शिडी, कठडा, पंप, काठाची जमीन, सगळं एकमेकांना जोडा, म्हणजेच बॉन्डिंग करा, असं ते बजावतं. तार किमान ८ गेजची, भरीव तांब्याची, म्हणजे सुमारे सव्वातीन मिलिमीटर जाड. काठाभोवती ती तलावाच्या भिंतीपासून १८ ते २४ इंचांवर फिरते. पाण्यालाही सुटका नाही. त्याला टेकलेला किमान ९ चौरस इंच धातू या जाळ्यात हवा.

इथे घरमालकातला इंजिनिअर जागा होतो. बे एरियात तो बहुधा खराच इंजिनिअर असतो, फक्त सॉफ्टवेअरचा. "अर्थिंग आहे ना? मग झालं!" झालेलं नसतं. बिघाडाचा प्रवाह परतवून ब्रेकर पाडणं हे अर्थिंगचं काम. बॉन्डिंगचं काम निराळं: हातातला कठडा आणि कमरेइतकं पाणी यांच्यात व्होल्टेजचा फरकच पडू द्यायचा नाही. दोन्ही पाच व्होल्टवर असली तर पोहणाऱ्याला पत्ताही लागत नाही. एक पाचावर आणि दुसरं शून्यावर असलं की ओल्या हाताला मुंग्या येऊ शकतात. म्हणूनच ही तार मुख्य पॅनेलपर्यंत नेण्याची किंवा तिच्यासाठी जमिनीत रॉड ठोकण्याची सक्ती कोड करत नाही.

"म्हणजे ती कुठेच जात नाही? आणि तिचे पैसे द्यायचे?"

मग हुकमाचा पत्ता पडतो, जीएफसीआय. बर्कलीचे प्राध्यापक चार्ल्स डॅलझील यांनी १९६१ मध्ये शोधलेलं हे साधन आज ४ ते ६ मिलीअँपिअर गळतीलाच वीज तोडतं. साधन उत्तमच, पण पहारा फक्त स्वतःच्या सर्किटवर. अमेरिकेतल्या वीजवितरणात न्यूट्रल जागोजागी जमिनीला जोडलेली असते, त्यामुळे परतीचा थोडा प्रवाह मातीतून हिंडतो. न्यूट्रलचा जोड सैल झाला तर जास्तच. अशा वेळी घराचा मुख्य स्विच पाडला तरी काठावरच्या मुंग्या थांबत नाहीत. घरमालक वीजकंपनीला बोलावतो. कंपनीचा माणूस म्हणतो, तलावाचं बॉन्डिंग बघा. कंत्राटदार म्हणतो, कंपनीची न्यूट्रल बघा. दोघंही बरोबर असू शकतात, आणि बिल मात्र एकालाच जातं.

कोडलाही विनोदबुद्धी आहे. दुहेरी इन्सुलेशनच्या पंपाला बॉन्डिंगची तार जोडायची नसते. तरीही पंपाजवळ पुरेशी लांब तार आणून ठेवायची, पुढे कधीतरी येणाऱ्या दुसऱ्या पंपासाठी. स्थळही आलेलं नसताना जावयाची अंगठी घडवून ठेवावी, तसलाच हा प्रकार.

"जुन्या कामाला नवे नियम लागत नाहीत," हे कंत्राटदाराचं लाडकं वाक्य. हात न लावलेल्या तलावापुरतं ते बहुतेक ठिकाणी खरंही असतं. पण काठ उखडून नवा ओतायचा म्हटलं की शब्द स्थानिक इन्स्पेक्टरचा. आणि तांबं हा तसा किरकोळ खर्च. ओतलेलं काँक्रीट पुन्हा फोडणं महाग. म्हणून तार झाकण्याआधी तपासणीला बोलवायचं असतं.

इन्स्पेक्टर येतो तेव्हा फरशी बसलेली असते, धबधबा चालू असतो. तार कुठे आहे, असं तो विचारतो. कंत्राटदार अभिमानाने मोबाइलवरचा फोटो पुढे करतो. तार अगदी नियमाप्रमाणे घातलेली दिसते, मागे लिंबांनी लगडलेलं झाडही दिसतं. इन्स्पेक्टर अंगणभर नजर फिरवतो आणि लिंबाचं झाड कुठे गेलं, अशी चौकशी करतो.