ताडपत्री चौक

आमच्या नगरपालिकेने चौकात शिल्प बसवायचं ठरवलं तेव्हा सर्वांत आधी अनावरणाची तारीख ठरली. मग पाहुणे ठरले. मग कोनशिलेवरची नावं, त्यांचा क्रम आणि त्या क्रमावरून झालेले रुसवे. यात पावसाळा गेला. शिल्प कशाचं, हे सभेत 'ऐनवेळच्या विषयां'त आलं.

निविदेत अट होती : तत्सम कामाचा तीन वर्षांचा अनुभव. आमच्या गावात तत्सम काम म्हणजे गटार. तो अनुभव असलेल्या ठेकेदाराचा दर सर्वांत कमी निघाला आणि शिल्पकार त्याचा पोटठेकेदार झाला. मोजमाप घनमीटरमध्ये. अभियंता म्हणाले, "आतून पोकळ आहे ना? मग तेवढं वजा करा."

कमिटी मातीचा नमुना बघायला गेली. शिल्पकाराने ओलं गोणपाट उचललं : पाणी भरणारी बाई, कमरेवर कळशी. एका सदस्याने तिच्या गालावर अंगठा दाबला आणि "कच्चं आहे अजून" असा अभिप्राय दिला. दुसऱ्यांना कळशी उजव्या कमरेवर हवी होती. त्यांचा वॉर्ड त्या बाजूला. तिसऱ्यांनी विचारलं, "चेहरा कुणाचा?" कुणाचाच नाही म्हटल्यावर, "मग आपल्या वहिनींचा करा की!"

जरा दमानं घ्या म्हणावं, तर पुण्याच्या शिवस्मारकाची पायाभरणी १९२१ ची आणि शिल्पकार करमरकरांच्या अश्वारूढ पुतळ्याचं अनावरण १९२८ चं. तेवढ्या काळात आज माणूस दोन पक्ष फिरून येतो. तारीख पाळावी ती मालवणने. ४ डिसेंबर २०२३, नौदल दिन. मुहूर्त चुकला नाही. तिथला शिवरायांचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. कला संचालनालयाने मंजूर केलेला मातीचा नमुना सहा फुटांचा होता, हे संचालकांनी नंतर सांगितलं. आमच्या सभेत हा विषय निघाला, तेव्हा चौथरा मोठा करायचा ठराव झाला. कोनशिलेला जागा पुरत नव्हती.

बाई उभी राहिली. तेवढ्यात मंत्रिमंडळ बदललं आणि पाहुण्यांचं खातं गेलं. नाव मात्र कोरून झालेलं. तेव्हापासून बाई निळ्या ताडपत्रीत आहे आणि रिक्षावाले "ताडपत्री, ताडपत्री, एक सीट!" असं ओरडतात.

परवाच्या वाऱ्यात ताडपत्री फाटली, कळशीचं तोंड उघडं पडलं. नव्या ताडपत्रीचा विषय ऐनवेळी आला आणि एकमताने मंजूर झाला.