अर्धा तारा कुणी खाल्ला?

परवाच्या शुक्रवारी तीन मराठी सिनेमे एकदम लागले. एक भुताचा, एक मावळ्यांचा, एक सासू-सुनेचा. शनिवारी पेपर उघडला तर भुताला साडेतीन तारे, मावळ्यांना साडेतीन तारे आणि सासूबाईंनाही साडेतीनच. भावंडांत भांडणं नकोत म्हणून आईनं लाडू सारखे वाटावेत, तसे.

तीन का, असं मी विचारणार नाही. चार का नाहीत, असंही नाही. मला फक्त त्या अर्ध्याचं सांगा. पेपरातला तारा पाच टोकांचा असतो. तो उभा चिरला की हाती येतात दोन धड टोकं आणि डोक्यावरची एक चिरफळी. ही अडीच टोकं समीक्षकमहाराजांनी कशासाठी बहाल केली आणि उरलेली अडीच कशासाठी परत नेली? भूत निम्मंच दिसत होतं? घोडा लंगडत होता? सासूबाई छळायला कमी पडल्या?

साडेतीनाचं मराठी माणसाला वावडं नाही. मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, पेशवाईतले शहाणे साडेतीन, आणि हे सगळं वाहून नेणारा देहही साडेतीन हातांचा. पण आमच्याकडे अर्ध्याला कारण लागतं. त्या शहाण्यांतला अर्धा हा अर्धा का, तर डोकं पूर्ण चालायचं, तलवार चालायची नाही. संपलं. एका ओळीत निवाडा, आणि अडीचशे वर्षं होत आली तरी कुणी अपिलात गेलेलं नाही. कोल्हापूर, तुळजापूर, माहूर ही पूर्ण पीठं आणि वणीची सप्तशृंगी अर्धं, हे पोराटोरांना पाठ असतं. अर्धा मुहूर्त दिवाळीच्या पाडव्याचा की अक्षय्य तृतीयेचा, यावर हुज्जत घालता येते, कारण हुज्जतीला काहीतरी मुद्दा आहे. भुताच्या अर्ध्या ताऱ्यावर हुज्जत कशी घालणार? समोर कुणी उभंच नाही.

पेपरात सिनेमाला तारे चिकटवायची टूम 1928 साली न्यूयॉर्कमध्ये निघाली. तेव्हा जास्तीत जास्त तारे तीनच मिळायचे. म्हणजे आमचं भूत तिकडे गेलं असतं तर पैकीच्या पैकी घेऊन, वर अर्धा खिशात टाकून परतलं असतं.

ताऱ्यांखाली ऐंशी शब्दांची चौकट असते. पहिल्या पन्नास शब्दांत गोष्ट, शेवटासकट. उरलेल्या तिसांत निकाल: अभिनय संयत, छायाचित्रण नेत्रसुखद, संगीत श्रवणीय, उत्तरार्ध रेंगाळतो, एकदा पाहायला हरकत नाही. उत्तरार्ध रेंगाळतो! पंचवीस वर्षं मी हे वाचतोय. एवढ्या वर्षांत एकाही मराठी सिनेमाचा पूर्वार्ध रेंगाळलेला नाही. माझा संशय मध्यंतरातल्या बटाटावड्यावर आहे. निर्मात्याच्या खर्चानं दोन वडे आणि वर चहा झाला की कुणाचाही उत्तरार्ध रेंगाळेल.

ही चौकट पहिल्यापासून असती तर काय बहार आली असती! 1913 साली गिरगावात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. निकाल: छायाचित्रण नेत्रसुखद, संवादांची उणीव भासते, तारामतीचा वावर काहीसा पुरुषी, साडेतीन. (तारामती पुरुषच होता, पण तेवढं शोधायला ऐंशी शब्दांत जागा कुठली.) ‘संत तुकाराम’, 1936: संगीत श्रवणीय, नायकाचं संसाराकडे दुर्लक्ष खटकतं, शेवटचं विमान बरं जमलंय, साडेतीन. ‘श्यामची आई’, 1953: आई सारखी उपदेश करते, हसायला जागा नाही, रुमाल न्यावा, साडेतीन. पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं पहिलंवहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक त्याच सिनेमाला मिळालं, तेव्हा चौकटवाले म्हणाले असते, आम्ही अर्धा जास्त दिलाच होता. ‘पिंजरा’, 1972: लावण्या श्रवणीय, मास्तर घसरतात ते पटत नाही. ‘अशी ही बनवाबनवी’, 1988: दोन बाप्ये साड्या नेसून वावरतात आणि घरमालकिणीला कळत नाही हे तर्काला धरून नाही, तरी एकदा पाहायला हरकत नाही. एकदा! हा सिनेमा एकदाच पाहिलेला मराठी माणूस मला अजून भेटायचाय, भेटला तर त्याचं आधारकार्ड तपासून घेईन. ‘कोर्ट’: कॅमेरा जागचा हलत नाही, कॅमेरामन रजेवर असावा. आणि ‘सैराट’, 2016: गाणी श्रवणीय, उत्तरार्ध रेंगाळतो, अगदी शेवटी आवाज गेला होता, थिएटरवाल्यांनी मशीन दुरुस्त करून घ्यावं. साडेतीन.

इथवर हसून घेतलं. पण हो, ऐंशी शब्द कमी पडतात ही थाप मला सांगू नका. शहाण्यांचा निकाल एका ओळीत लागला होता. शब्द कमी पडत नाहीत, छाती कमी पडते. तीन दिले तर निर्माता पुढच्या खेळाला बोलवायचा नाही, चार दिले तर तिकिटाचे पैसे गेलेला वाचक जाब विचारेल. साडेतीनाला दोघंही मान डोलावतात. सोमवारच्या जाहिरातीत तो अर्धा तारा नायकाच्या झुलपांआड सरकतो आणि लांबून चार दिसतात, मग तर सगळंच गोड. अरे, कुणीतरी राहता फ्लॅट गहाण टाकून, दोन-दोन वर्षं खपून काहीतरी उभं केलंय. वाईट असेल तर वाईट म्हणा! शून्य द्या! कुठे काय फसलं ते त्याच्या तोंडावर सांगा, तो चार शिव्या घालेल आणि पुढच्या खेपेला सुधारेल. पण तुम्ही त्याला संयत म्हणता. ‘संयत’ म्हणजे काय, हे एकदा कुणीतरी मला संयतपणे समजावून सांगावं. आणि एवढं करून हे साडेतीन टिकतात तरी किती? साडेतीनाला आपल्याकडे जुनं नाव आहे, औट. औटकीचा पाढा घोकताना छड्या खाल्लेली माणसं अजून हयात आहेत, त्यांना विचारा. औटघटकेचं राज्य म्हणजे साडेतीन घटकांचं. घटका 24 मिनिटांची, तेव्हा हिशेबानं 84 मिनिटं. आमच्या भुताचं राज्य याहून फार लांबलं नाही. गावाबाहेरचं थिएटर, सकाळी साडेनऊचा एकमेव खेळ, आम्ही नवराबायको धरून सहा प्रेक्षक. सकाळी साडेनऊला भुताला तरी जाग येते का? मंगळवारी सिनेमा उतरला.

त्याआधी रविवारी ते भूत पाहून घरी आलो आणि जेवायला बसलो. हिनं आमटी वाढली.

“कशी झालीय?”

“साडेतीन.”

“अर्धा कशाचा कापलात?”

“तशी चांगलीय. म्हणजे फोडणी नेत्रसुखद आहे, पण एकूण परिणाम...”

“मीठ कमी पडलंय का?”

“हो.”

तिनं मिठाची बरणी आणून ताटाशेजारी आदळली. मी चिमूटभर घेतलं, कालवलं, आणखी दोन वाट्या आमटी ओरपली. उत्तरार्ध अजिबात रेंगाळला नाही.