मटणाला विश्रांती

'पंधरा मिनिटांत स्टेक' असा व्हिडिओ बघून माणसाने लगेच खाटकाकडे जाऊ नये. मी गेलो. रविवार होता, निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर आला होता आणि बायको माहेरी गेली होती. घरात मी आणि आई.

स्टेक खरा गाईबैलाचा. महाराष्ट्रात बैल कापायलाही 2015 पासून बंदी आहे. आमच्या घरातली आईची बंदी त्याहून जुनी आणि कडक. देवळालीच्या छावणीत बोटीची वाट बघत बसलेल्या गोऱ्या सोल्जरांनी काय काय भाजून खाल्लं असेल कोण जाणे. (तिथे वाट बघून डोकं फिरलेल्यांवरून इंग्रजीत 'डूलाली' हा शब्द गेला. देवळालीने जगाला दिलं ते हे.) तेव्हा आपला बोकडच बरा. भद्रकालीतल्या चाचांना म्हटलं, "मांडीचे इंचभर जाड काप द्या, बिनहाडाचे."

"रस्सा की सुकं?"

"तव्यावर. पंधरा मिनिटांत."

चाचांनी सुरा खाली ठेवला. "कुकर बिघडलाय का साहेब?" आणि दया येऊन कलेजीचा एक तुकडा वर टाकला.

माळ्यावरून बीडाचा तवा काढला. त्याचा गंज घासण्यातच पहिली पंधरा मिनिटं गेली. मग काप फडक्याने टिपत बसलो. यामागे शास्त्र आहे. पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही आणि मांसावर खमंग तपकिरी रंग चढायला साधारण 140 अंश लागतात. ओलं मटण टाकलं तर ते भाजत नाही, उकडतं. अमिनो आम्लं आणि साखर यांची ही भानगड माय्यार नावाच्या फ्रेंच माणसाने 1912 मध्ये मांडली. आईला एवढं सगळं सांगितलं.

"मटण धुतात रे," ती म्हणाली. "न्हाऊ घातलेल्या पोरासारखं पुसत नाहीत."

काप तव्यावर पडले आणि असं काही चर्र झालं, की क्षणभर मला स्वतःचा अभिमान वाटला. पुढच्या क्षणी तवा दिसेनासा झाला. थंडीमुळे खिडक्या बंद होत्या. समोरच्या काकू "काही लागलंय का?" म्हणून आल्या आणि लागत होतं त्यापेक्षा बराच वेळ आत बघत राहिल्या.

काप ताटात काढून झाकले.

"आता काय?"

"पाच मिनिटं विश्रांती द्यायची."

"मटणाला? त्याने काय केलं?"

तोवर तव्यावर धरलेल्या खरपुडीत रेड वाइन ओतायची होती. सुलाची पहिली बाटली 2000 साली आली, तेव्हापासून आमचं गाव वाइनचं म्हणून मिरवतं. आमच्या घरात मात्र बाटली देवघराकडे पाठ करून, पुस्तकांमागे उभी असते. आईने वास घेतला. मी म्हणालो, "द्राक्षाचा रस आहे." खोटं नव्हतं.

काप कापला. आत गुलाबी. "रक्त दिसतंय," आई म्हणाली. ते रक्त नसतं, मायोग्लोबिन नावाचं प्रथिन असतं, असं मी म्हणालो. "नाव काही का असेना, कच्चंय." पहिला घास चावता चावता मला तो बोकड आयुष्यभर किती चालला असेल ते कळलं. काप गुपचूप कुकरमध्ये गेले. चार शिट्ट्या.

आईने मात्र कलेजीला मीठ-तिखट लावलं आणि त्याच तव्यावर टाकली. माझ्या लहानपणी मटण शिजेपर्यंत रडू नये म्हणून ती हेच करायची: तवा, तुकडा, मीठ, पाच मिनिटं. टिपणं नाही, विश्रांती नाही, माय्यार नाही. आम्ही दोघांनी उभ्याउभ्याच ती संपवली. मग तिने शिळ्या भाकरीचा तुकडा मोडला आणि तव्यावरचा तो काळपट, चिकट रस कडेपासून मधोमध नेत निपटून घेतला. दुसरा तुकडा मोडला. तिसरा मोडताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "कुठल्या द्राक्षांचा म्हणालास?"