अंगणात गवत

गणपतीला आत्या आली. बेड्यातून आत शिरली, अंगणाकडे बघून थबकली आणि म्हणाली, "काय रे, घरात माणसं राहतात ना?"

मी नुकतंच त्या अंगणात लॉन लावलं होतं. त्याचं कौतुक ऐकायला मिशीवर ताव देत उभा होतो. पण आत्याचंही खोटं नव्हतं. पाऊस सरला की अंगण तासायचं, पाणी शिंपून चोपण्याने चोपायचं, शेणाने सारवायचं ही आमच्या रत्नागिरीकडची रीत. त्यात चुकून एखादी हिरवी काडी वर आली तर खुरपं घेऊन तिच्यामागे लागायचं. अंगणात गवत म्हणजे माणसं मुंबईला, दाराला कुलूप आणि ओटीवर वटवाघळं. आणि मी तेच गवत पैसे मोजून आणलं होतं.

या खुळाचं मूळ डॅलसला. तिथे माझा चुलतभाऊ राहतो. टेक्सासच्या त्या भागात पूर्वी मैलोन्‌मैल गवताळ माळरान होतं. आता तिथे घरं आहेत आणि प्रत्येक घरापुढे हिरवा गालिचा. उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो, पाणी आठवड्यातून दोनच दिवस घालायची परवानगी, तरी त्याचं लॉन फोटोत असं दिसायचं की त्यावर लोळावं. तिथे वर्षाला पाऊस पडतो नऊशे मिलिमीटरच्या आसपास. आमच्याकडे तीन हजारांच्या वर. मग गवत आमच्याकडे तिप्पट चांगलं यायला हवं, असं त्रैराशिक मी मांडलं.

गणितात घोटाळा होता तो जांभ्याचा. आमचं घर सड्यावर. सडा म्हणजे मैलभर पसरलेला कातळ. पावसाळ्यात त्यावर हिरवी लव उठते, इवलीइवली फुलं येतात, दिवाळीनंतर सगळं वाळून पिवळं पडतं आणि माघापासून तवा तापतो. आमचं पाणी चार महिन्यांत कोसळतं आणि जांभ्याच्या भोकांतून खाली निघून जातं. बाकीचे आठ महिने आकाशाकडे बघायचं. उक्षीच्या सड्यावर कुणी तरी कधी काळी भला थोरला हत्ती कोरून ठेवलाय. एवढी हौस असलेल्या माणसालाही तिथे लॉन करावंसं वाटलं नाही, हे मी लक्षात घ्यायला हवं होतं.

मी माती आणली, शेणखत आणलं, नर्सरीतून 'मेक्सिकन लॉन'चे तुकडे आणले. मेक्सिकोचा त्यात काय संबंध, ते नर्सरीवाल्यालाही ठाऊक नव्हतं. तुकडे लावायला आलेला गडी बराच वेळ गप्प होता. शेवटी त्याला राहवेना. "भाऊ, गवात काढायचे पैसं घेतलेत. लावायचे पयल्यांदाच घेतोय."

पहिल्याच मोठ्या पावसात निम्मी माती गडग्याच्या फटींतून शेजाऱ्यांच्या आवारात गेली. त्यांनी तिच्यात भेंडी लावली. भेंडी चांगली आली. आम्हालाही दिली.

भावाने फोनवर शिकवणी घेतली. रोज वरवर शिंपडू नकोस, मुळं वरच राहतात, लाडावतात. दोन-चार दिवसांनी एकदाच भरपूर पाणी दे, म्हणजे ती ओलीच्या मागे खोल उतरतात. कापताना एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापू नकोस. पातं जरा उंच राहिलं की माती सावलीत राहते. सगळं शास्त्रशुद्ध. फक्त आमच्याकडे वीतभर खाली कातळ. मुळांनी उतरायचं कुठे? आणि एप्रिलमध्ये विहीर तळाला गेलेली असताना गवताला भरपूर पाणी घालतोय हे बायकोने पाहिलं असतं, तर मलाच गावी पाठवलं असतं. आता गाव हेच, ही गोष्ट वेगळी.

थंडीत त्या मेक्सिकन मंडळींत हरळी घुसली. गड्याला बोलावून ती उपटून काढायची, पंधरा दिवसांनी पुन्हा बोलवायचं. जमिनीवरून पळणाऱ्या दांड्याला पेरापेराला मुळं, जमिनीखाली आणखी दांडे. एक पेर मागे राहिलं तरी पुरतं. देशावरचे शेतकरी काळ्या जमिनीत हिच्यापायी खोल नांगरटी करून थकतात, तिथे मी खुरपं घेऊन काय करणार? वैतागून भावाला तिचा फोटो पाठवला आणि विचारलं, यावर औषध काय?

तो हसतच सुटला. "अरे, हेच तर माझं लॉन! पिशव्या भरभरून बी आणून पेरलंय." तिकडे तिला बर्म्युडा म्हणतात. त्या बेटांशीही तिच्या मुळाचा संबंध नाही, ती जुन्या जगातली. शास्त्रातलं नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. ऊन जेवढं कडक तेवढी ती खूश. पाणी तुटलं की तपकिरी होऊन पडून राहते आणि पहिल्या ओलीला उठून बसते. सावली मात्र तिला सोसत नाही. तो विकत घेत होता ते मी मजुरी देऊन उपटत होतो. दोघांच्या हिशेबाचा ताळा करायचं धाडस मी केलं नाही.

मेमध्ये मेक्सिकन लॉन गेलं. पावसात त्या जागी हरळी पसरली आणि मी गड्याला बोलावलं नाही.

हरळी म्हणजेच दूर्वा, हे पहिल्या गणपतीत आत्याने मला चांगलंच ऐकवलं होतं. एवढं गवत आणि देवाला एक काडी नाही! न्हाणीचं पाणी जातं तिथून शेवटी तिने जुडी खुडून आणली. यंदा मात्र ती पदर खोचून थेट अंगणातच बसली. तीन पात्यांचे कोवळे शेंडे मोजून एकवीस काढले, आणि 'बाकी हे तासून टाक दसऱ्याच्या आत' असं सांगूनही मोकळी झाली.

तेवढ्यात डॅलसहून व्हिडिओ कॉल आला. भाऊ सोवळं नेसून लॉनवर ओणवा झालेला. अंगणभर दूर्वा, पण दर शनिवारी यंत्र फिरतं, त्यामुळे शेंडा असा कुठे उरलेलाच नाही. आणि तणनाशक मारलेलं गवत देवाला वाहायचं कसं, हा दुसरा घोळ.

आत्याने माझ्या हातातला फोन घेतला. "कुंपणाच्या बुडाशी बघ," ती म्हणाली. "जिथे तुझा हात पोचत नाही तिथे."

तो रांगत कुंपणाकडे गेला. बराच वेळ पडद्यावर नुसतं हिरवं दिसत होतं. मग ऐकू आलं, "सतरा झाल्या."