फरशी पार्किंगची, पसंती शेजाऱ्यांची

सुरतेतल्या उधना-लिंबायतच्या दोन खोल्या सोडून कामरेजच्या रो-हाउसात राहायला आलेल्या मराठी कुटुंबाचे प्रथम अभिनंदन. आता तुमचे घर हायवेपासून पाच मिनिटांवर आहे (मिनिटे बिल्डरच्या घड्याळातली), छताला झोपाळ्याच्या कड्या आहेत आणि दारासमोर दहा बाय अठरा फुटांची जागा आहे. नकाशात तिला पार्किंग म्हटले आहे. गाडी अजून यायची आहे, पण फरशी वास्तुशांतीच्या आधी बसली पाहिजे, कारण पाहुणे गाडी पाहायला नाही, फरशी पाहायला येतात. कामरेज हा जुन्या बडोदे संस्थानातल्या नवसारी प्रांताचा तालुका. त्यामुळे ‘आमचे गायकवाड इथे आधीपासून होते’ असे मिस्त्रीला जरूर सांगावे. दर त्याने कमी होत नाही.

पायरी १ : जागेचा उपयोग ठरवा

एक कागद घ्या आणि या जागेत वर्षभर काय काय होणार ते लिहा. दोन ॲक्टिव्हा. गॅसची बाटली ओढत नेणे. शेजारच्या बेन साड्यांवर टिकल्या चिकटवायचे काम घेऊन दुपारी इथेच बसणार, कारण तुमच्याकडे वारा येतो. मुलांचे क्रिकेट. उत्तरायणच्या आधी दोऱ्याला रंग. नवरात्रात सोसायटीचा मांडव आणि त्याचे खिळे. दिवाळीत रांगोळी. गावाहून आलेल्या आत्याबाईंचे कुरडयांचे पाट. शेवटी, जागा उरली तर, चारचाकी.

आता यादी उलटी वाचा. फरशीला सगळ्यांत कमी त्रास चारचाकीचा होतो. तिचे वजन चार रुंद रबरी टायरांवर वाटलेले असते. खरा शत्रू ॲक्टिव्हाचा साइड स्टँड. तो स्कूटरचा भार रुपयाएवढ्या जागेवर टेकवतो आणि रोज त्याच जागी टेकवतो. दुसरा शत्रू पंक्चरच्या वेळी लावलेला जॅक. तेव्हा दुकानदाराने ‘ट्रक चालवा, काही होणार नाही’ असे सांगितले तर त्याला विचारा, ‘ट्रकचे राहू द्या, स्टँडचे काय?’

पायरी २ : खाली काय आहे ते पाहू नका

ही पायरी बहुतेक जण अशीच पाळतात, कारण खालचे कोणाला दिसत नाही आणि दिसत नाही त्यावर खर्च केल्याचे समाधान मिळत नाही.

न पाळणाऱ्यांसाठी माहिती अशी. तुमची सोसायटी उभी आहे तिथे परवापर्यंत ऊस होता आणि जमीन काळी आहे. धुळे-जळगावकडच्या माणसाला काळीची ओळख करून द्यायला नको. तीच ती, कापूस पिकवणारी, वैशाखात पाय जाईल एवढी फाटणारी आणि आषाढात फुगून भेगा मिटवणारी. शेतात हा तिचा गुण, फरशीखाली अवगुण. पावसाळ्यात ती फरशी उचलते, उन्हाळ्यात खाली सोडते. दोन-तीन वर्षांत वरची टाईल कितीही महागडी असो, तिरकी तडकते. तडा बहुधा फाटकाकडून सुरू होतो, म्हणजे येणाऱ्याला आधी दिसतो.

उपाय तुमच्या आजोबांना ठाऊक होता. काळी खणून काढायची आणि तिच्या जागी मुरूम भरायचा. तोही एकदम ओतायचा नाही. थर द्या, पाणी मारा, धुमस करा, मग पुढचा थर. त्यावर दगडाचे सोलिंग, त्यावर चार इंच काँक्रीट. काँक्रीटवर निदान सात दिवस पाणी उभे ठेवा. या सात दिवसांत शेजारचे काका रोज येऊन ‘हजु टाइल नथी लागी?’ असे विचारतील. त्यांना चहा द्या. काँक्रीटला पाणी द्या. अदलाबदल करू नका.

पायरी ३ : उतार

सुरतेकडचा माणूस पावसाळ्यात उकाईच्या धरणाची पातळी तोंडपाठ सांगतो. धरण भरल्याचा ३४५ फूट हा आकडा इथे पाढ्यासारखा पाठ असतो, आणि ऑगस्ट २००६ चा पूर ज्याने पाहिला त्याला तो विसरताही येत नाही. पण स्वतःच्या पार्किंगचा उतार किती, हे विचारले की तो मिस्त्रीकडे पाहतो आणि मिस्त्री आभाळाकडे.

शंभराला एक एवढा उतार पुरतो. अठरा फुटांत दोन इंचांहून थोडा जास्त. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांना धरा, पातळी कळते. उतार रस्त्याकडे असावा. घराकडे असेल तर पहिल्याच पावसात गंगा स्वतःहून दिवाणखान्यात येईल. फरशी बसल्यावर बादलीभर पाणी ओता. कोपऱ्यात तळे साचले तर मिस्त्री म्हणेल, ‘ए तो सुकाई जशे.’ सुकते हे खरे आहे. हिशेब त्याआधी चुकता करू नका.

पायरी ४ : आता दुकानात जा

कोटा. राजस्थानचा चुनखडीचा दगड. स्वस्त, पायाला गार, घासून पुन्हा नवा करता येतो. मात्र बाथरूमचे ॲसिड त्याला लावाल तर तो फसफसतो आणि तोंड पांढरे करतो. पाहुण्यांसमोर जुनाट दिसतो ही त्याच्याविरुद्धची मुख्य तक्रार आहे.

पार्किंग टाईल. मोरबीहून येते. जाड, खडबडीत, पाणी जवळजवळ पीत नाही. चकचकीत टाईल घेऊ नका. पावसात त्यावर आधी स्कूटर घसरते, मग स्कूटर सावरायला गेलेले. टाईलखाली सिमेंट पूर्ण पसरले पाहिजे. चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून मधे हवा भरण्याची कला काही कारागिरांना अवगत असते. बसल्यावर प्रत्येक टाईल नाण्याने वाजवा. बद्द आवाज आला तर ती पोकळ आहे, जॅकची वाट पाहत आहे.

पेव्हर ब्लॉक. काळ्या जमिनीवर सर्वांत समजूतदार. जमीन हलली तर ब्लॉक उचला, वाळू सारखी करा, परत बसवा. गाडीसाठी ६० मिलिमीटर जाडीच्या खाली जाऊ नका. कडेला पक्की पट्टी हवी, नाहीतर ब्लॉक हळूहळू पसरत शेजाऱ्याच्या हद्दीत जातात आणि मग विषय फरशीचा राहत नाही.

एपॉक्सी. मुलाने मोबाईलवर पाहिलेली, आरशासारखी. नवे काँक्रीट २८ दिवसांचे झाल्याशिवाय लावू नका. आधी काँक्रीटवर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आत थेंब दिसले तर खालून ओल येते आहे. तशावर लावलेली एपॉक्सी पापडासारखी सुटते. राळ आणि हार्डनर एकदा मिसळले की थोड्याच वेळात बादलीत घट्ट होतात, त्यामुळे चहा आधी पिऊन घ्यावा. उन्हात ती पिवळी पडते. तुमचे पार्किंग उघडे असेल तर वर पॉलियुरेथेनचा थर लागेल किंवा मुलाची समजूत काढावी लागेल.

निगा

तेल सांडले तर पाणी ओतू नका, लाकडाचा भुसा टाका, रात्रभर ठेवा, सकाळी झाडा. जॅकखाली फळी द्या. स्कूटर मेन स्टँडवर लावा, आणि हा नियम घरातल्या कॉलेजकुमाराला सांगताना आवाज चढवू नका, उपयोग होत नाही. मांडववाल्याला खिळ्यांऐवजी वाळूने भरलेले डबे सुचवा. टाईलचे जोड दरवर्षी पाहा. पाणी खाली उतरते ते तिथूनच, आणि खाली काळी तहानलेलीच असते.

शंका-समाधान

शंका : खर्च कुठे कमी करावा?
समाधान : डिझाइनमध्ये. सगळे मुरमात कमी करतात.

शंका : मुरमावर केलेला खर्च पाहुण्यांना कसा दाखवावा?
समाधान : पाच वर्षे थांबा. त्यांच्याकडे तडा जाईल, तुमच्याकडे जाणार नाही. तेव्हा विषय सहज काढावा.

शंका : एवढे सगळे केल्यावर फरशी किती टिकेल?
समाधान : भराव, उतार आणि जोड नीट असतील तर गाडीच्या कर्जापेक्षा बरीच जास्त. चमक मात्र समोरच्या घरी नवी फरशी बसेपर्यंतच.