बेसन चालतं का?

जेवावं सुरतेत आणि मरावं काशीत, अशी गुजरातीत एक म्हण आहे. या दोन गोष्टींमध्ये किती अंतर ठेवायचं, हे मात्र म्हणीने खाणाऱ्यावर सोपवलं आहे. गंमत म्हणजे, पाव, साखर नि बटाटे सोडून वजन उतरवायची पहिली गाजलेली पुस्तिका ज्याने लिहिली, तो लंडनचा विल्यम बँटिंग अंत्यविधीचाच व्यावसायिक होता. ड्यूक ऑफ वेलिंग्टनची १८५२ सालची अंत्ययात्रा त्याच्या घराण्याच्या पेढीने पार पाडली. दुसऱ्यांना पोचवणाऱ्या या माणसाचं स्वतःचं वजन इतकं वाढलं, की त्याला जिना पाठमोरा, एकेक पायरी चाचपत उतरावा लागे. शेवटी ऐकू कमी येतं म्हणून तो कानाच्या डॉक्टरकडे गेला आणि त्या डॉक्टरने कान सोडून त्याचं तोंड धरलं. पाव, लोणी, दूध, साखर, बिअर, बटाटे, सगळं बंद. १८६३मध्ये बँटिंगने आपला अनुभव छापला आणि तेव्हापासून जाड माणसं एकमेकांना प्रश्न विचारत सुटली आहेत.

मला कानाची तक्रार नाही. उलट सुरतेत राहून मला जरा जास्तच ऐकू येतं. 'थोडुं तो ल्यो, भाऊ!' हे तर रस्त्याच्या पलीकडूनही ऐकू येतं. मी रिंग रोडच्या कापड मार्केटमध्ये एका शेठकडे हिशेब लिहितो, उधन्याला राहतो, आणि सासुरवाडी रावेरची. म्हणजे माझ्या पोटाची जबाबदारी गुजरात आणि खानदेश या दोन्ही प्रांतांवर सारखीच आहे. रक्तातली साखर सीमेवर आली, तेव्हा डॉक्टरांनी मला एका डायेटिशियन बेनकडे पाठवलं. बेननी ऐकवलं, की भारतीय माणूस सरासरी ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून घेतो, असं आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत दिसलंय. ही सरासरी वर खेचायला मी हातभार लावला असणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आत राहायचं, असा हुकूम झाला.

हिशेबाच्या माणसाला आकडा दिला की तो आधी सुटीची कलमं शोधतो. मी कागद काढला. एका मध्यम पोळीत १५ ते २० ग्रॅम. मोठ्या वाटीभर भातात ४०च्या आसपास. म्हणजे दोन पोळ्या आणि भाताची एक मूद एवढ्यात दिवस संपला, आणि तोही सकाळी साडेअकरालाच. पुढे जे प्रश्न मी विचारले, ते नवखा प्रत्येकजण विचारतो. वरवर ते ज्ञानासाठी असतात. प्रत्यक्षात प्रत्येक प्रश्न हा परवानगीचा अर्ज असतो, आणि अर्जदाराने जोडलेलं कारण सहसा खोटं असतं.

माझा पहिला अर्ज बेसनाचा होता.

यामागे मोठा युक्तिवाद होता. बेसन म्हणजे हरभरा, हरभरा म्हणजे डाळ, डाळ म्हणजे प्रथिनं, आणि प्रथिनं तर खायलाच सांगितली आहेत. तेव्हा लोचो हा औषधोपचारात बसावा. लोचो न खाल्लेल्यांसाठी सांगतो: हरभऱ्याची डाळ भिजवून, वाटून, आंबवून वाफवतात, पण खमणासारखे त्याचे सुबक तुकडे पडत नाहीत, तो ढिला, विस्कटलेला असतो. बशीत थापून त्यावर तेल किंवा बटर, मसाला, कांदा, शेव, बाजूला हिरवी चटणी. सकाळी सुरत जागी होते ती याच वाफेने. बेननी माझं म्हणणं शांतपणे ऐकलं आणि आकडा सांगितला: शंभर ग्रॅम बेसनात प्रथिनं वीस-बावीस ग्रॅम, हे खरं, पण कर्बोदकं पंचावन्न ते साठ. मी म्हणालो, 'त्यात तंतूही असतात ना?' असतात, दहाएक ग्रॅम. मग मला कळलं, की एकूण कर्बोदकांतून तंतू वजा करून उरतं ते निव्वळ कर्बोदक मोजायची पद्धत आहे. हे मला लगेच पटलं, कारण जीएसटीत इनपुट क्रेडिट असंच वजा होतं. आणि तिथल्यासारखंच इथेही, कितीही वजावट दाखवली तरी भरायची रक्कम उरतेच.

बेसन गेलं म्हणजे काय गेलं, हे पुण्यामुंबईच्या वाचकाला कळणार नाही. सुरतेत लोचो, खमण, सेव खमणी, पातरा, फाफडा, गाठिया. ठीक आहे, म्हटलं, आपण मूळचे खानदेशी, घरचं खाऊ. घरी काय? शेवभाजी. पाटवडीचा रस्सा. डुबुकवड्या. पिठलं. तापी भुसावळवरून वाहत येऊन सुरतेजवळ समुद्राला मिळते, आणि तिच्या वरच्या काठापासून खालच्या काठापर्यंत माणसाने हरभरा दळून ठेवला आहे. पळून जाणार कुठे?

एक मात्र सांगायला हवं. जळगावचं वांग्याचं भरीत या परीक्षेत पहिल्या वर्गात पास होतं. वांगं, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, तेल. एकाही घटकावर बेननी लाल शाई मारली नाही. 'हे तुम्ही हवं तेवढं खा,' त्या म्हणाल्या. बायको म्हणाली, 'आणि कशाशी?' या प्रश्नाचं उत्तर बँटिंगकडेही नाही. भरीत नुसतं चमच्याने खाणाऱ्या माणसाकडे आमच्या घरात ज्या नजरेने पाहिलं गेलं, ती नजर यापूर्वी मी फक्त दिवाळीत फराळ न घेता निघालेल्या पाहुण्याच्या वाट्याला आलेली पाहिली होती.

सासरे रावेरचे, केळीवाले. त्यांचा फोन. 'जावईबापू, ते सगळं समजलं. पण केळं तर फळ आहे.' मी सांगितलं, एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम. थोडा वेळ फोनवर शांतता. मग ते म्हणाले, 'आमचं केळं जीआय मिळालेलं आहे.' भौगोलिक मानांकनाने कर्बोदकं कमी होत नाहीत, हे मी त्यांना सांगितलं नाही. काही सत्यं मुलीच्या वडिलांना सांगायची नसतात. फोन मेहुणीने घेतला. ती डॉ. दीक्षितांच्या आहारपद्धतीची: दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक वेळी पंचावन्न मिनिटांत, मधे काही नाही. थोरली मेहुणी ऋजुता दिवेकरांची: भात खा, तूप घाल, आजी खायची ते खा. दोघी एकाच घरात, एकाच फोनवर, एकाच वेळी बोलत होत्या. लग्नाच्या बैठकीनंतर महाराष्ट्रात एवढा आवेश फक्त आहारावरच दिसतो.

पहिल्याच आठवड्यात काटा जवळजवळ दोन किलो खाली आला. मार्केटमध्ये बातमी पसरली. शेठनी चहा मागवला, माझ्यासकट सगळ्यांना, साखरेचा. मी बेनना आनंदाने फोन केला, तर त्या म्हणाल्या, 'पाणी आहे.' शरीर साखरेचा थोडा साठा ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत ठेवतं. तो एक ग्रॅम साठा आपल्याबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतो. भात-पोळी बंद झाली की साठा वापरला जातो आणि पाणी निघून जातं. म्हणजे वहीत जो नफा दिसला, ती नुसती जुनी थकबाकी जमा झालेली होती. धंदा अजून सुरूच व्हायचा होता. इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंडं मीठही जास्त बाहेर टाकतात. त्यामुळे डोकं दुखतं, गळल्यासारखं होतं, आणि माणसाला वाटतं की पोळीविना आपण आता चाललो. (काशीचं तिकीट मी पाहूनही ठेवलं होतं.) उपाय निघाला मीठ घातलेलं पातळ ताक. आयुष्यात पहिल्यांदा डायेटिशियन, बायको आणि सुरत यांचं एका पदार्थावर एकमत झालं.

आता एक प्रश्न सगळ्यांना पडतो आणि कुणी मोठ्याने विचारत नाही. मीही विचारला नाही, बेननीच विचारला. भाकरी, पोळी, फळं कमी झाली की तंतू कमी होतात आणि सकाळी पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचून होतो. उत्तर गुजरातमध्येच पिकतं. इसबगोलाची सर्वांत मोठी बाजारपेठ उत्तर गुजरातेत ऊंझ्याला आहे. सगळ्या देशाला गाठिया खायला घालणाऱ्या राज्याने उताराही स्वतःच पिकवावा, ही व्यापारी दूरदृष्टी आहे.

उपवासाबद्दल मी फार आशेने विचारलं. आषाढी जवळ आली होती. उपवास म्हणजे न खाणं, न खाणं म्हणजे कर्बोदकं शून्य, असा माझा सरळ हिशेब. बायकोने ताट समोर ठेवलं: साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, वर राजगिऱ्याचा लाडू. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमच्या वर कर्बोदकं असतात. तो कसाव्याच्या कंदाचा जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्यात प्रथिनं शोधायची तर ती शेंगदाण्याच्या कुटातच. विठ्ठल युगानुयुगं कमरेवर हात ठेवून उभा आहे. आपली कंबर त्याला सापडते तरी, एवढंच मी म्हणालो, आणि त्या दिवशी मला ताकही मिळालं नाही.

अंडं मात्र अर्ज न करता मंजूर झालं. एका अंड्यात एक ग्रॅमही कर्बोदक नाही. शाकाहाराची राजधानी समजल्या जाणाऱ्या गुजरातेत सुरत अंड्यांचं शहर आहे, हे बाहेर कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. संध्याकाळी लाऱ्यांवर तव्याचा आवाज सुरू होतो. उकडलेली अंडी किसून, मसाल्यात परतून, वर अर्धकच्चं अंडं फोडून जे करतात त्याचं नाव घोटाळा. हिशेबनीसाने आयुष्यात एकच घोटाळा करावा, आणि तो हा. पाव न घेता खाल्ला तर सगळं नियमात बसतं. लारीवाल्याने पाव परत घेताना मला विचारलं, 'तब्येत सारी छे ने?'

गंभीर उत्तर एकाच प्रश्नाला मिळालं. शेठना मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. माझं पाहून त्यांनीही उद्यापासून भात सोडतो म्हटलं. बेननी त्यांना तिथेच थांबवलं. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना कर्बोदकं एकदम तोडली तर साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते. काही नव्या गोळ्यांबरोबर रक्तात आम्लं वाढण्याचा वेगळाच धोका असतो. म्हणून आधी डॉक्टर, मग मात्रा, मग ताट. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर बाईने तर स्वतःच्या मनाने हे करूच नये. शेठ ऐकून गप्प झाले. नंतर मला म्हणाले, 'बेन सारी छे, पण बहु साचुं बोले छे.'

'याने खरंच होतं का पण?' हा प्रश्नही मी विचारून पाहिला. बेन प्रामाणिक. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सहाशेवर लोकांना दोन गटांत वाटलं, एका गटाला कमी चरबी, दुसऱ्याला कमी कर्बोदकं, आणि वर्षभर पाहिलं. २०१८मध्ये निकाल आला: दोन्ही गटांचं सरासरी वजन पाच-सहा किलोंनी उतरलं, म्हणावा असा फरक नाही. गटांपेक्षा गटातल्या माणसामाणसांत फरक मोठा. मी म्हटलं, 'मग मी कमी चरबीवाला गट घेतला असता तर?' बेन म्हणाल्या, 'तर तुम्ही शेंगतेलाचं विचारत आला असता.'

हे मला लागलं, कारण खरं होतं. आणि सुरतेच्या पंचांगात अर्ज करायला जागाही भरपूर आहे. हिवाळ्यात पोंक येतो, ज्वारीचा कोवळा हुरडा, आणि त्याबरोबर हटकून शेव. संक्रांतीला उंधियुं: पापडी, वांगी इथवर बरं चालतं, मग बटाटे, कंद, रताळी, मेथीचे मुठिये एकापाठोपाठ बाहेर येतात. उन्हाळ्यात आमरस. शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी चंदी पडवो, त्या रात्री सगळं शहर घारी घेऊन रस्त्याकडेला बसतं: मैद्याचं पातळ कवच, आत मावा, साखर, सुका मेवा, वरून तुपाचा जाड थर, जोडीला फरसाण. घारी १८५७च्या सुमारास तात्या टोपेंच्या सैनिकांना ताकद यावी म्हणून पहिल्यांदा बनवली, असं इथे सांगतात. मी बेनना ही कथा सांगून मराठी माणसाचा ऐतिहासिक हक्क मांडला. त्यांनी विचारलं, 'तुम्ही लढाईला कधी निघताय?'

आता पट्ट्याला आतलं भोक पाडावं लागलं आहे, त्यामुळे मार्केटमध्ये मी तज्ज्ञ ठरलो. दलाल येतात, गाठोडी उतरवणारी पोरं येतात, समोरच्या दुकानातले काका येतात. भाऊ, काजू चाले? शंभर ग्रॅमला तीसच्या आसपास, मूठभर नाही, मोजून. गूळ? साखरच. नाचणी? धान्यच. मध? मधालाही सूट नाही. पनीर? खुशाल. प्रत्येकजण पनीरचं उत्तर ऐकून खूश होतो आणि पुढच्याच श्वासात पराठ्याचं विचारतो.

शेठनी डॉक्टरांना भेटून गोळ्यांची मात्रा बदलून घेतली आहे. परवा सकाळी ते मला हाताला धरून कोपऱ्यावरच्या लारीवर घेऊन गेले आणि मोठ्या रुबाबात म्हणाले, 'बे लो-कार्ब लोचो.' लारीवाल्याकडे चीज लोचो आहे, लसणाचा आहे, शेझवानही आहे. हा प्रकार त्याला नवा होता, पण सुरतेचा माणूस गिऱ्हाइकाला नाही म्हणत नाही. त्याने बशी पुसली, चमचा उचलला आणि विचारलं, 'एमां शुं नाखवानुं?'

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे.

'डबल बटर,' शेठ म्हणाले.